वत्सगुल्मातला कोळसेवाला

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या नियमांनुसार मांजर माणसाला ठार मारू शकते. ही करामत २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतली. खेळ चालवणाऱ्यासाठी जे जाडजूड पुस्तक असतं, त्यात योद्धे-जादूगारांच्या पलीकडे 'कॉमनर' नावाचा एक वर्ग दिला होता. कॉमनर म्हणजे आपली रयत. त्याचा जीव किती, ते चार पैलूंच्या फाशावर ठरायचं. सरासरी काढली तर दोन-अडीच. मांजराच्या एका ओरखड्यानं एक जीव जातो, आणि मांजर एका झेपेत दोन पंजे मारून वर चावतेही. जगभरच्या खेळाडूंनी हा हिशेब करून पाहिला आणि वीस-पंचवीस वर्षं झाली तरी त्यांचं हसणं थांबलेलं नाही.

मला आवडली ती त्याच वर्गाखालची दुसरी यादी. या कॉमनरला येतं काय काय? झाडावर चढणं, दोर बांधणं, गुरं हाकणं, पोहणं, कान देऊन ऐकणं, नजर ठेवणं आणि एखादा धंदा. हत्यार एकच, तेही साधं. ही यादी खिशात घालून सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत वाशीमहून रिसोडच्या रस्त्याला लागा. वाटेत दिसणाऱ्या निम्म्या माणसांची 'कॅरेक्टर शीट' जागच्या जागी भरून होईल.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डीएम होतो. जग त्याचं, पावसापासून राक्षसापर्यंत सगळं त्याच्या तोंडून घडतं. बाकीचे एकेक पात्र घेतात. "समोर दार आहे, काय करतोस?" असं डीएमनं विचारायचं, खेळाडूनं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं याचा निकाल फासा देतो. फासे चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे. जिंकण्या-हरण्याचा हिशेब नाही. गोष्ट पुढं सरकत राहते, कधी कधी वर्षानुवर्षं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात तो पहिल्यांदा छापला. तेव्हा पात्रांचे वर्ग तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर वर्षभरानं आला. अगदी पहिल्या पायरीवरच्या लढवय्यालाही 'व्हेटरन' असा किताब मिळे, म्हणजे खेळात पाऊल टाकतानाच तो चार लढाया मारून आलेला. साधी माणसंही त्या जगात होती, पण भाड्यानं. मशाल धरणारा पोऱ्या, ओझेवाला, गवंडी, शिंपी, गाडीवान. १९७९च्या पुस्तकात त्यांच्या मजुरीचा तक्ता आहे. वीरानं खजिना लुटायचा आणि मशालवाल्यानं उजेड दाखवायचा, अशी एकूण वाटणी.

ती पहिल्यांदा नीट उलटी केली इंग्रजांनी. गेम्स वर्कशॉपनं १९८६ साली वॉरहॅमर फँटसी रोलप्ले काढला. त्यात तुमचा धंदा शतमानाच्या फाशावर ठरतो. फासा पडेल ते निमूट व्हायचं: नावाडी, टोलनाक्यावरचा कारकून, थडगी उकरणारा. सगळ्यांचा लाडका म्हणजे उंदीर मारणारा. त्याच्या सामानात 'लहान पण खुनशी कुत्रा' असतो, आणि २००५च्या आवृत्तीत शिवाय एक काठी, तिला लटकावलेले मेलेले उंदीर. उंदीर किती, तेही दहाच्या फाशावर. २०१२ साली अमेरिकेत डंजन क्रॉल क्लासिक्स आला, त्यानं तर साध्या माणसांची गाळणीच लावली. प्रत्येक खेळाडूनं दोन ते चार गावकरी घ्यायचे, सगळे शून्य पायरीचे, आणि त्यांना एकदम भुयारात सोडायचं. बहुतेक मरतात. जो जगून वर येतो, तो पहिल्या पायरीवर चढतो. त्या खेळातला मधपाळ मधाची बरणी घेऊन निघतो, खाटीक सत्तूर घेऊन, दोर वळणारा शंभर फूट दोर घेऊन.

लोक हौसेनं असं का खेळतात, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. दिवसभर कंपनीत राबून आलेल्या माणसानं रात्री चार तास शेळ्या राखणारा व्हायचं, यात सुख कसलं? माझा पुतण्या हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आठवड्यातून एक रात्र या खेळात घालवतो. त्याचं उत्तर सरळ होतं: "काका, वीस पायरीच्या योद्ध्याला विचार करावा लागत नाही. तलवार काढली की झालं. तीन जीव असले की माणूस डोकं चालवतो." यात तथ्य आहे. ज्याला मारामारी परवडत नाही तो बोलतो, वेळ काढतो, दुसऱ्याला पुढं करतो, बाजू पाहून पळतो. गावात ज्याला आपण 'बेरकी' म्हणतो, तो गुण फाशाच्या खेळात यायला वीर मोडीत निघावा लागला.

सुट्टीत तो घरी आला तेव्हा म्हटलं, एकदा वाशीमलाच खेळू. जग आपलं घेऊ. डीएम पुतण्या. खेळायला त्याचा नाशिकचा मित्र, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणारी माझी मुलगी, आणि गल्लीतला एक पोरगा, जो दोन वर्षांपासून पोलीस भरतीच्या मागं आहे. मी कडेला बसून टिपणं काढणार.

आता जग आपलं म्हणजे कुठलं? किल्ले, मावळे, घोडदळ असं पहिल्यांदा सुचतं, आणि त्यात पुन्हा वीरच येतात. वाशीमजवळ त्याहून जुनं आणि खेळाला जास्त उपयोगी असं काही आहे. हे गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. सर्वसेनानं ही शाखा चौथ्या शतकात उभी केली. तो स्वतः कवी होता, त्याचं 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज हाती नाही. याच शाखेच्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं करवलं. वाशीमकर भाषणात हे सगळं अभिमानानं सांगतात. सांगत नाहीत ते ताम्रपटाबद्दल. १९३९ साली वाशीमला वाकाटकांचा एक ताम्रपट सापडला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला. सुरुवातीची वंशावळ संस्कृतात, आणि जिथं मुद्द्याची गोष्ट सुरू होते तिथून भाषा प्राकृत. मुद्द्याची गोष्ट अशी की नांदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तरेकडचं एक गाव राजानं अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिलं, आणि त्या गावाकडून यापुढे काय काय मागायचं नाही याची यादी दिली.

ती यादी वाचताना राजा बाजूला पडतो आणि गाव दिसू लागतं. सोनं आणि धान्य मागायचं नाही. फुलं आणि दूध घ्यायचं नाही. गाई-बैल ओढून न्यायचे नाहीत. चामडं आणि कोळसा मागायचा नाही. मिठाचा आणि दारूचा सरकारी हक्क इथं लागू नाही. शिपायांनी गावात शिरायचं नाही. खाटा, भांडी आणि नोकरचाकर पुरवायला लावायचं नाही. म्हणजे बाकीच्या सगळ्या गावांत हे सर्व रोज चालत असणार. साहेबाचा मुक्काम पडला की कुणाच्या तरी घरातली खाट उचलली जात होती, कुणाच्या तरी म्हशीचं दूध जात होतं, कुणी तरी रानात कोळसा पाडून आणून देत होतं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या राजाचं नाव सांगणारे लेख पुष्कळ आहेत; खाट कुणाची गेली हे सुचवणारे थोडे. आता, ही सूट गावकऱ्यांना मिळाली की गावाच्या नव्या मालकांना, ही शंका घ्यायला जागा आहे. राजाचा शिपाई दुधाला यायचा थांबला म्हणून दूध घरातच राहिलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

आणखी एक बारीक कलम आहे, ते पुतण्यानं बरोबर हेरलं. गावच्या जमिनीत जे पुरलेलं धन सापडेल ते दानासोबत गेलं. "काका, यावर तर अख्खा खेळ होते!" तो म्हणाला. पुण्यात राहून त्याची वऱ्हाडी टिकली आहे, खुशीत असला की बाहेर येते.

कारण पाहा. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा सगळा डोलारा खजिन्यावर उभा आहे. भुयारात उतरायचं, राक्षस मारायचा, हंडा वर आणायचा. हंडा कुणाचा हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. जो वर आणेल त्याचा. वत्सगुल्माच्या गावात मात्र हंडा सापडल्या क्षणी तो दुसऱ्याचा आहे, आणि तसं तांब्यावर कोरलेलं आहे.

मग पात्रं पाडायची ठरली. पुतण्यानं डंजन क्रॉल क्लासिक्सचा धंद्यांचा तक्ता काढला आणि म्हणाला, यावरूनच आपला करू. शतमानाच्या फाशाचा लांबलचक तक्ता. वाचता वाचता तो एका ओळीवर थांबला. 'गाँगफार्मर'. मैला उपसणारा. सामान: एक थापी आणि मैल्याचं पोतं. मूळ खेळात ही हसायची जागा आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये असा धंदा होता, आता नाही, म्हणून हसता येतं. आपल्याकडे हाताने मैला वाहण्याच्या बंदीसाठी १९९३ साली एक कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा. मुलगी म्हणाली, "ती ओळ काढ." काढली. पण एक ओळ काढून भागणारं नव्हतं. चांभार? न्हावी? परीट? नाशिकच्या मित्रानं निरागसपणे विचारलं, "यात अडचण काय आहे? नुसते धंदे तर आहेत."

त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यात होते. १९१५ साली त्यांनी 'गावगाडा' लिहिलं. त्यातला गाव देशावरचा आहे; वऱ्हाडातली नावं आणि हक्क थोडे वेगळे. पण चौकट ओळखीची. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, गुरव, जोशी. बारा बलुतेदार, त्यांच्या थोरल्या, मधल्या, धाकट्या ओळी, कुणाला पेंढ्या किती, सणाला वाढणं काय, मेलेल्या जनावराचं कातडं कुणाचं. मी ते पुस्तक पुतण्यापुढं ठेवलं. त्यानं चार पानं चाळली आणि खेळाडूच्या नजरेनं म्हणाला, "हा तर आयता क्लासचा तक्ता आहे. सामान आहे, हक्क आहेत, कामं आहेत." खरंच आहे. इतका तपशीलवार तक्ता वॉरहॅमरवाल्यांनाही जमला नसता. फरक एवढाच की त्यांच्या तक्त्यावर फासा टाकतात.

वॉरहॅमरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रत्येक धंद्याखाली आणखी एक छोटी यादी असते: इथून बाहेर पडायचे रस्ते. उंदीर मारणारा पुढं चोर होऊ शकतो, थडगी उकरणारा होऊ शकतो. खेळाची सगळी मजा त्या यादीत असते. हलक्या धंद्यात सुरुवात करायला कुणाची ना नसते, कारण तिथं राहायचं नसतं. आत्र्यांच्या गावात ही यादीच नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याचसाठी. महार वतनदारानं रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या हाकेला ओ द्यायची, मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि मागून आणलेलं बलुतं. तो सोडू म्हटला तरी वतन त्याला सोडत नव्हतं. १९३६च्या 'जातिनिर्मूलन' या पुस्तकात त्यांनी मांडलं की जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी करते. त्यानंतर वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारून बाहेरचा रस्ता स्वतः लिहून घेतला. त्यात वऱ्हाडातून गेलेले कमी नव्हते.

हे सगळं मी त्या दिवशी बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही, कारण गल्लीतल्या पोरानं फासा टाकला आणि त्याला आला जागल्या. गावची राखण, दवंडी, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं. पुतण्यानं उत्साहानं सांगायला सुरुवात केली: "तुझी नजर चांगली, कान तिखट, हातात काठी..."

"मी नाई होत," पोरगा म्हणाला.

"अरे, गंमत आहे. साध्या माणसाचं खेळायचं, तेच तर ठरलं ना?"

"भाऊ, तुमच्यासाठी गंमत. माह्या आज्यानं हेच केलं जिंदगीभर. मले राजा द्या, नाहीतर मी बसतो पाहत."

टेबलावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मुलीनं तो कागद आपल्याकडं ओढला आणि त्याला म्हणाली, "राजा पुढच्या डावात. आज काय घेतो?" त्यानं तक्ता हातात घेऊन फासा न टाकता निवडलं: कोळसेवाला. ताम्रपटात नाव आलेला, आणि त्याच्या ओळखीच्या कुणाचाही आजा नसलेला.

परदेशातल्या खेळाडूंना साधं पात्र घेण्यात जी नवलाई वाटते, तिच्यामागं एक सोय आहे. ती सोय अशी की त्या धंद्याचा वास त्यांच्या आडनावाला येत नाही. ज्याच्या घरात पाटिलकी होती त्याला दोन तास जागल्या व्हायला हरकत नसते; खेळ संपला की कागद चुरगाळून टाकता येतो. ज्यानं तो कागद शाळेच्या दाखल्यावर पाहिला आहे, त्याला खेळात राजाच हवा असतो, आणि त्यात काही उथळ नाही. दशावतारी नाटकं करणाऱ्या कोकणातल्या मंडळींचं आपण कौतुक करतो: रात्री अंगावर राजाचा साज, सकाळी डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावाला पायपीट. त्या माणसाला कुणी म्हणत नाही की बाबा, पेटारा वाहणाऱ्याचंच सोंग कर, ते जास्त खरं आहे.

तरीही साध्या माणसाची सोंगं घेण्याची आपल्याकडं चांगली जुनी वहिवाट आहे, आणि ती केवळ टवाळीची नाही. उत्सवाच्या शेवटी लळीत होई, त्यात भालदार-चोपदार, वासुदेव, जोशी, मुका, बहिरा असे एकामागून एक येत. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत जवळजवळ सगळा गाव उभा केला. त्यांच्या भारुडातला महार ब्राह्मणाला उलट प्रश्न टाकतो आणि शहाणा ठरतो. कीर्तनात ते सोंग घेणारा मात्र अनेकदा वेगळ्याच आळीतला असे. बहुरूपी, ज्याला रायरंदही म्हणतात, तो याच्या उलट करतो. गावाबाहेर पाल ठोकून राहणारा हा माणूस खाकी कपडे चढवून दारात येतो, वॉरंट निघाल्याचं सांगतो, तुम्हांला बेड्या घालायची धमकी देतो, यमक जुळवत जुळवत कोर्टात नेतो आणि मग हसून बिदागी मागतो. खाली असलेल्यानं वरच्याचं सोंग घ्यायचं, असं ते गणित. आमच्या पोलीस भरतीवाल्या पोराला बहुरूप्याची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "तेच ना. त्यालेही शिपाई नाई व्हायचं, इन्स्पेक्टरच व्हायचं हाये."

मधेच एक विषयांतर. विदर्भानं पाहिलेल्या माणसांत 'सामान घेऊन निघालेला साधा माणूस' या वर्णनाला गाडगे महाराजांइतकं कुणी पुरं उतरत नाही. शेंडगावचे, घर परिटाचं. सामान: खराटा, गाडगं, चिंध्यांचा अंगरखा. अंगी गुण: बोलणं. खेळाच्या कागदावर ही नोंद केली तर कुठलाही डीएम म्हणेल, हा पहिल्या खोलीत मरणार. १९५६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या मागं धर्मशाळा आणि शाळा होत्या.

आमच्या डावाकडं येतो. गावाबाहेर बारव, बारवेपाशी पिंपळ, पिंपळावर मुंज्या. कोळसेवाला, दूधवाली, कुंभार आणि एक पळून आलेला शिपाई. प्रत्येकाला जोडीला एकेक जादा गावकरी. पहिल्या अर्ध्या तासात तीन मेले. एक बारवेच्या पायरीवरून घसरला. मुंज्याचा संबंधही नव्हता, फाशावर एक पडला. कुंभारानं मुंज्याशी लढायचं मनातही आणलं नाही. त्यानं विचारलं, "मुंज्या म्हणजे सोडमुंज व्हायच्या आत मेलेला पोरगा ना? मग त्याची सोडमुंज लावून टाकू." नियमांत असलं काही नव्हतं. पुतण्यानं डोकं खाजवलं, वीसचा फासा टाकायला सांगितला, सतरा आले, आणि भुताचा बंदोबस्त पाच मिनिटांत झाला. पिंपळाखाली हंडा निघाला.

पुढचे दोन तास त्या हंड्याचं काय करायचं यात गेले. वीरांच्या खेळात इथं टाळ्या पडून पडदा पडतो. इथं खरा खेळ सुरू झाला. दानाचे मालक गावात राहायला आलेले, त्यांचा कारभारी रोज फिरतो. सोनं घरात ठेवलं तर शेजारीण पाहणार. विकायला वत्सगुल्माच्या बाजारात नेलं तर सोनार विचारणार, कोळसेवाल्याकडं हे कुठून आलं. दूधवाली म्हणाली, दह्याच्या मडक्यात तळाशी घालू. कुंभार म्हणाला, मी कच्च्या मडक्यांच्या बुडात एकेक नाणं थापून भट्टी लावतो, मडकी विकत विकत परगावी जाऊ. कोळसेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भट्टीले कोळसा कोण देते? मंग माहा हिस्सा दुप्पट." पाव तास त्यावर घासाघीस. शिपायानं रात्री पळून जायचा बेत केला आणि फाशानं त्याला दगा दिला. गावच्या कुत्र्यांनी आवाज दिला. सगळ्या रात्रीत एकही तलवार उपसली गेली नाही आणि कुणी मोबाइलला हात लावला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवलं आहे.

जपानच्या अत्सुहिरो ओकादा यांचा 'र्यूतामा' हा खेळ २००७ सालचा आहे. त्यात पात्रं म्हणजे शेतकरी, व्यापारी, कारागीर, शिकारी अशीच, आणि काम एकच: प्रवास. एक जण वाट काढतो, एक नकाशा सांभाळतो, एक शिधा. पाऊस लागला, चिखल झाला, पायाला फोड आले, की फासा. आमच्या जिल्ह्यात याला शोभेलसा विषय शोधायची गरजच नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचं ठिकाण. रामनवमीला देशभरचा बंजारा समाज तिथं लोटतो. या लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस चालत. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजा त्यांच्या धान्यावर जगल्या. लढायांच्या गोष्टी फौजांच्या नावावर जमा झाल्या, बैल कुणी हाकले ते कुणी सांगत नाही. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, मीठ डब्यातून येऊ लागलं, तांड्यांचं काम गेलं. आणि १८७१च्या कायद्याखाली इंग्रज सरकारनं कितीतरी फिरत्या जमातींना गुन्हेगार ठरवून टाकलं, त्यात ठिकठिकाणचे बंजारेही आले. या विषयावर खेळ करायचा तर तांड्यातलंच कुणी तरी डीएम हवं, असं मुलीचं मत पडलं, आणि मला ते पटलं. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला विचारायचं ठरलंय. नायक, कारभारी, मीठ, बैल, वाटेतली नाकी. सगळं तिच्या आजीकडून ऐकून मगच.

दुसऱ्या दिवशी पोरगा वेळेआधीच येऊन बसला. त्याला राजा देणं भाग होतं. पुतण्याला वाटलं, आता खेळ बिघडणार. एकाकडे राज्य आणि बाकीच्यांकडे मडकी. मग त्यानं डाव असा मांडला की राजा विंध्यशक्ती दरबारात बसला आहे, ताम्रपट अजून कोरायचा आहे, गावकरी अर्ज घेऊन आले आहेत, आणि कोणकोणती सूट द्यायची ते राजानं ठरवायचं. ब्राह्मण डीएमच्या हातात, गावकरी बाकीच्यांच्या.

पोरगा राजा म्हणून भलताच पक्का निघाला. फुलं-दूध लगेच माफ केलं. चामडं माफ. कोळसा माफ करताना त्यानं कालच्या आपल्या पात्राची आठवण काढून दोन शिव्या घातल्या. गाई-बैलांवर अडून बसला. फौजेचे गाडे कोण ओढेल, असं विचारलं. कुंभारानं बैलांऐवजी मडकी देऊ केली, ती नाकारली. मुलीनं विचारलं, महाराज, रात्री घोड्यापुढं पळणाऱ्या माणसाचं काय? ते तर यादीत नाहीच. राजानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "लिहा. साहेबानं आपल्या पायानं चालावं." ताम्रपटात हे कलम नव्हतं, पुतण्यानं ते घातलं.

शेवटी खाटांवर गाडी आली. ब्राह्मणांच्या वतीनं डीएमनं आर्जवं केली, गावकऱ्यांनी हात जोडले, पण राजा हलेना. "खाटा द्याच लागतीन. माहे शिपाई काय जमिनीवर झोपतीन? सापकिरडं हाये." दरबार उठला. त्या रात्री गावात शिपायांचा मुक्काम पडला आणि दूधवालीनं घराघरांतून खाटा गोळा करताना एकच अट घातली, ज्या खाटेत ढेकूण नाहीत ती घ्यायची नाही. पुतण्यानं शिपायांच्या झोपेसाठी फासा टाकला. दोन आले.